चिठ्ठ्या कोण लिहितो?

परप्रांतातील मराठी संस्था भांडणावाचून चालत नाहीत, हे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. गणपती किती दिवसांचा बसवावा, वार्षिकोत्सवात संगीत नाटक करावे की गद्य, कोजागरीचे दूध सभासदांपुरते असावे की पाहुण्यांसह, या प्रश्नांवर आम्ही जबलपूरकर मराठी मंडळी आजवर यथेच्छ भांडलो आहोत. परंतु पाच इंग्रजी पुस्तकांवरून आमच्यात दोन तट पडतील, हे मात्र आम्हांला स्वप्नातही खरे वाटले नसते.

घडले ते असे. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याने सामानाची बांधाबांध करताना आपल्या मुलांची पुस्तके येथील एका लहानशा मराठी वाचनालयाला देऊन टाकली. त्यांत सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'हंगर गेम्स' ही मालिका होती. 2008, 2009 व 2010 या लागोपाठच्या वर्षी निघालेली तीन पुस्तके मिळून तिची मुख्य कथा होते. 2020 आणि 2025 मधली दोन पुस्तके त्या कथेच्या आधीचा काळ सांगतात. पुस्तके कुमारांच्या कपाटात लागली, मुलांनी ती फाटेतो वाचली, आणि मग एका पालकांची तक्रार आली. ही पुस्तके त्या कपाटातून काढावीत असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. मधल्या अवकाशात आम्ही पाचही पुस्तके वाचून काढली. प्रस्तावाला आमचा विरोध आहे. पण त्याला विरोध करणाऱ्या उत्साही मंडळींच्या पंगतीत आमचेही पान वाढले जावे, अशी आमची इच्छा नाही. या लेखाचे कारण एवढेच.

ज्यांनी पुस्तके पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर तेथे पॅनेम नावाचे राज्य उभे राहिले आहे. मध्ये ऐश्वर्याने ओसंडणारी राजधानी, भोवती बारा जिल्हे. कुणी कोळसा पुरवायचा, कुणी धान्य, कुणी मासळी. फार पूर्वी जिल्ह्यांनी बंड केले होते. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची, आणि त्या चोवीस जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना ठार मारायचे. हा खेळ साऱ्या देशाला सक्तीने दाखवला जातो. नायिका कॅटनिस ही कोळशाच्या जिल्ह्यातली, बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला. धाकट्या बहिणीचे नाव निघते तेव्हा ती तिच्या जागी उभी राहते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की मुलांनी मुलांना मारण्याची ही बीभत्स कथा आपल्या संस्कारांत बसत नाही. हा आक्षेप घेणारे सद्गृहस्थ बकासुराची कथा नातवंडांना रंगवून सांगतात. एकचक्रेत घरटी पाळी लागलेली आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. पाळी आलेल्या घरात बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि नीट बोलताही न येणारे पोर गवताची काडी उगारून म्हणते की हिनेच मी राक्षसाला मारीन. महाभारतातला हा प्रसंग वाचून ज्याच्या घशात आवंढा येत नाही त्याने कॅटनिसच्या वाटेला जाऊच नये. कॉलिन्सबाईंनी आपल्या कथेचे मूळ थीसियसच्या ग्रीक कथेत असल्याचे सांगितले आहे. अथेन्सची सात मुले व सात मुली क्रीटच्या राक्षसाला धाडावी लागत, ती ही कथा. जगातल्या पुष्कळ लोकांनी हे दुःस्वप्न पाहिले आहे आणि पुष्कळ आज्यांनी ते मुलांना सांगितले आहे. तेव्हा बीभत्स म्हणून ते कपाटाबाहेर काढावयाचे तर आदिपर्वापासून आरंभ करावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, जरी तो उघड कुणी बोलत नसले तरी. आमच्या वाचनालयाचे बहुतेक सभासद सरकारी नोकर किंवा सेवानिवृत्त. आमच्या पिढीने जे वाचले त्यात गुन्हेगार नेहमी सरकारच्या बाहेरचा असे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 'ट्टॉक' करून धावला की शेवटी चोर पकडला जाणार आणि पोलीस त्याची पाठ थोपटणार, हे ठरलेले. भागवतांचे ऋण आम्ही कधीही नाकारणार नाही. ज्या घरात मराठी फक्त स्वयंपाकघरात उरली आहे तेथे बन्याच अजून ती बैठकीत आणतो. पण बन्याच्या जगात संध्याकाळी घरी परतता येते. कॅटनिसच्या जगात चोर हेच सरकार आहे, मग तक्रार कोणत्या ठाण्यात द्यावी? ज्येष्ठ सभासदांपैकी एक जण बैठकीनंतर आम्हांला हळूच म्हणाले, "अहो, आपण सरकारचे मीठ खाल्लेली माणसं. मुलांच्या हातात हे कशाला?" त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. उत्तर असे आहे की मीठ खाल्लेल्यांच्या मुलांनीच हे आधी वाचले पाहिजे.

आता दुसऱ्या तटाकडे. ही मालिका म्हणजे जुलमाविरुद्धचे महाकाव्य आहे असे जी मंडळी म्हणतात, त्यांनी ती वाचली आहे की पडद्यावर पाहिली आहे, असा आम्हांला संशय येतो. राजधानीच्या बेगडी वैभवाला हसणारी ही लेखिका त्या वैभवाची वर्णने मात्र पानेच्या पाने, चवीने करते. पोशाख, केशभूषा, पक्वान्ने, ज्वाळांचे झगे! वाचणारी मुलगी कोळशाच्या जिल्ह्यात राहू इच्छीत नाही, तिला राजधानीचा शिंपी हवासा वाटतो. 2013 साली दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी एका अमेरिकन प्रसाधन-कंपनीने राजधानीच्या नावाने रंगरंगोटीचा संच बाजारात आणला, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ते बीज पुस्तकातच होते. शिवाय दोन तरुणांपैकी नायिकेने कुणाला वरावे हा घोळ तीन पुस्तके चालतो. माणसे भुकेने मरत असताना वाचकाने चुंबनांचा हिशेब ठेवावा, ही अपेक्षा आम्हांला रुचली नाही. आमच्या कन्येच्या मते हा आमच्या वयाचा दोष आहे. असेल.

तथापि न्यायाने सांगितले पाहिजे की याच मालिकेतली तीन बोटांची वंदना 2014 च्या मे महिन्यात लष्कराने सत्ता घेतल्यावर थायलंडच्या रस्त्यांवर दिसली, ती करणाऱ्यांना पकडले गेले. आणि 2021 मध्ये ब्रह्मदेशात पुन्हा दिसली. बंदुकीसमोर उभ्या राहिलेल्या पोरांना जर कुमार-वाङ्मयातली एक खूण पुरली, तर त्या वाङ्मयाला निव्वळ बाजारू म्हणून हिणवण्याचा अधिकार आम्हांला राहत नाही.

पण आमचा खरा राग याहून निराळ्या ठिकाणी आहे, आणि त्याची सुरुवात या मालिकेतल्या ज्या भागाने आम्हांला सर्वाधिक पकडले तेथूनच होते. तो भाग म्हणजे चिठ्ठ्यांचा हिशेब. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असे वाढत जाते. हे झाले सर्वांना समान. पण ज्याच्या घरी अन्न नाही त्याने आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकावी. तिच्या मोबदल्यात एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य आणि तेल मिळते. घरात जितकी माणसे तितक्या चिठ्ठ्या घेता येतात आणि त्या पुढच्या वर्षांत जमा होत जातात. कॅटनिसच्या घरी तीन माणसे. म्हणजे वर्षाला चार, बाराव्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत पाच वर्षे, एकूण 20. तिच्या मित्राच्या घरी पाच माणसे, वर्षाला सहा, अठराव्या वर्षापर्यंत सात वर्षे, एकूण 42. आम्ही कागदावर आकडेमोड करून पाहिली, बरोबर आहे. नगराध्यक्षाच्या मुलीच्या चिठ्ठ्या फार तर पाच. कायद्याने सर्व मुले समान, चिठ्ठी निःपक्षपाती, आणि तरीही मरण गरिबाच्याच दारी वारंवार. सामाजिक विषमतेवर लिहिलेले जाडजूड ग्रंथ जे सांगू पाहतात ते या बाईंनी तेरा वर्षांच्या मुलीला त्रैराशिकाइतके सोपे करून सांगितले. येथे आम्ही त्यांना मनोभावे नमस्कार करतो.

आणि येथेच विचारतो: त्या चिठ्ठ्या लिहिल्या कोणी?

लेखिकेने पहिल्याच प्रकरणात ओझरता उल्लेख केला आहे की नायिकेचे नाव त्या वीस चिठ्ठ्यांवर काळजीपूर्वक लिहिलेले होते. बस्स, एवढेच. कुणाच्या अक्षरात? एका जिल्ह्यातून हजारो चिठ्ठ्या. त्यांच्यासाठी जन्मनोंद पाहिजे, वयाची पडताळणी पाहिजे, धान्य उचलल्याची पावती पाहिजे, मागील वर्षाची शिल्लक पुढे ओढली पाहिजे. हे काम राष्ट्राध्यक्ष स्नो करीत नाही. रंगीत केसांच्या बाईसाहेब करंड्यात हात घालतात, त्याही नव्हेत. हे काम कुठल्यातरी थंड खोलीत बसलेला, घरी दोन मुले असलेला, वेळेवर येणारा-जाणारा, अक्षर चांगले म्हणून वाखाणला गेलेला एक कारकून करतो. पाच पुस्तकांत तो एकदाही आमच्यासमोर येत नाही. 2020 च्या पुस्तकात या खेळाची कल्पना मुळात एका विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी लिहिली होती असे दाखवून लेखिका त्याच्या अगदी दारापर्यंत जाते; पण तेथेही भेटतात ते अधिष्ठाते, शास्त्रज्ञ, कुलीन घराण्यांचे विद्यार्थी. कारकून नाहीच. व्यासांच्या कथेतही ब्राह्मण राजाला दोष देतो की हा दुबळा राजा आमचे रक्षण करीत नाही. पण एकचक्रेत कुणाची पाळी केव्हा, ही यादी कोण ठेवीत होता ते तो सांगत नाही.

परिणाम असा होतो की या मालिकेचा प्रत्येक वाचक स्वतःला कॅटनिस समजतो. आमच्या कन्येच्या वर्गातल्या मुलांनी जबलपूरला जिल्ह्याचा क्रमांकसुद्धा देऊन टाकला आहे: 1904 पासून तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा, 1969 पासून लष्करी वाहने, म्हणजे शस्त्रे पुरवणारा दुसरा जिल्हा हाच, असा त्यांचा निकाल. सगळीच मुले बंडखोर. त्यांतल्या निम्म्यांचे बाप, आमच्यासकट, कुठल्यातरी कार्यालयात नोंदवह्या लिहितात, हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. ही पुस्तके ते त्यांच्या ध्यानात येऊ देत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

स्वतःचे उदाहरण दिल्यावाचून असे लिहिणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी मंडल्याकडची एक विधवा बाई कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी आमच्या मेजापाशी येत असे. नवऱ्याच्या सेवापुस्तिकेत तिच्या नावात एक मात्रा होती; आधार-पत्रात ती नव्हती. आम्ही फाईल दोनदा परत पाठवली. शेरा आमचाच, अक्षर आमचे, आणि शेरा नियमाप्रमाणे होता. आजही तो कुणी चुकीचा ठरवू शकणार नाही. अकरा महिन्यांनी वेतन सुरू झाले. मधल्या अकरा महिन्यांत तिच्या चुलीवर काय शिजले याची फाईलवर नोंद नाही, कारण तशा नोंदीला रकाना नसतो. आम्ही त्या काळात रात्री सुखाने झोपत होतो. वरिष्ठांनी आमच्या टिपणीच्या नेटकेपणाचे कौतुकही केले होते.

तिसरा आक्षेप आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला: हे सारे परके आहे, आपल्याकडे असले काही घडले नाही. हा आक्षेप अन्य कुठल्याही गावात शोभला असता. जबलपुरात शोभत नाही. येथून कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद लागते. ज्यांच्या नावाचे ते गाव, त्या विल्यम स्लीमन यांनी ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे या शहरात ठेवले होते. ठगीचे स्वरूप किती खरे आणि किती फुगवलेले यावर इतिहासकारांत वाद आहे. आमचा मुद्दा तो नाही. 1836 च्या कायद्याने अमुक एक माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढे शाबीत झाले की जन्मठेपेला पुरे होऊ लागले. त्याने स्वतः कुणाला मारले हे दाखवावयास नको. मग टोळीत कोण, हे ठरवावयाचे कशावरून? कागदावरून. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या, नावांच्या याद्या, घराण्यांचे वंशवृक्ष. त्याच वर्षी निघालेल्या 'रामसीआना' या स्लीमन यांच्या ग्रंथात ते छापलेलेही आहेत. माणूस जन्मण्यापूर्वी त्याची जागा तक्त्यात तयार. पुढे 1837 च्या सुमारास याच शहरात उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुले तेथे सतरंज्या व तंबू विणीत. बापाने साक्ष दिली, तरी मुलगा भिंतीच्या आतच.

या तक्त्यांचा वारसा दूरवर गेला. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत आला आणि 1911 पर्यंत देशभर पसरण्याजोगा झाला. अखंड जमातीच्या जमाती नोंदवहीत चढल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. 1897 च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार ते अठरा! पॅनेमने निदान बारा वर्षे तरी वाट पाहिली. सोलापुरात अजूनही एका वस्तीला लोक 'सेटलमेंट' म्हणतात. ती याच व्यवस्थेची खूण. कायदा रद्द झाला तो 1952 साली, म्हणजे स्वराज्य येऊन पाच वर्षे उलटल्यावर. या काळात त्या नोंदवह्या लिहिणारे कोण होते? गोरे साहेब सही करीत. ओळी आखून नावे भरणाऱ्यांत आमच्यासारखेच, लिहिता-वाचता येणाऱ्या घरांतले, आज ज्यांच्या तसबिरी आम्ही दिवाणखान्यात लावतो असे आजे-पणजे असणारच.

या जमातींतल्या लेखकांनी मराठीत काय लिहिले ते वाचकांस ठाऊक आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 मध्ये. दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पुरस्काराच्या बातम्या वाचून आम्ही अभिमान बाळगला आणि पुस्तके प्रौढांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली. कुमारांसाठी शिवकाल ठेवला. म्हणून आमची मुले अन्यायाची गोष्ट अमेरिकेतून मागवून वाचतात. मग तो अन्याय त्यांना परग्रहावरचा वाटला तर दोष कॉलिन्सबाईंना एकट्यांना कसा द्यावा?

एका गोष्टीत मात्र आमचा निर्णय अजून होत नाही. तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस बंड यशस्वी होते. पण कॅटनिसची बहीण ज्या बाँबने मरते तो आपल्याच बाजूचा असावा अशी शंका उरते. मग बंडाची पुढारी कॉइन प्रस्ताव मांडते की एक शेवटचा खेळ व्हावा, या वेळी राजधानीच्या मुलांचा. जिवंत उरलेले विजेते मत देतात. तिघे नाही म्हणतात, दोघी हो म्हणतात. आणि कॅटनिस, बहिणीचे नाव घेऊन, हो म्हणते. पुढे ती कॉइनलाच बाण मारते. आमची कन्या ठामपणे सांगते, "बाबा, तिनं खोटंच हो म्हटलं होतं. कॉइनला संशय येऊ नये म्हणून." बहुतेक मुले असेच वाचतात. आम्हांला ते पटत नाही. तो होकार थोडा तरी खरा होता असे आम्हांला वाटते, आणि म्हणूनच ते पान आम्ही तीन वेळा वाचले. राजधानीच्या मुलांची नावे पुन्हा कुणीतरी काळजीपूर्वक लिहून काढली असती. अक्षर बहुधा तेच असते, फक्त वरच्या अधिकाऱ्याची सही बदलली असती.

बैठक येत्या रविवारी आहे. आमचे म्हणणे आम्ही लेखी देणार आहोत. पाचही पुस्तके कुमारांच्या कपाटातच राहावीत. त्यांच्या शेजारी 'उपरा' आणि 'उचल्या' यांच्या प्रती लावाव्यात. त्या विकत घेण्याचा खर्च या वर्षी आम्ही सोसू. 'उचल्या' तेरा वर्षांच्या मुलीने वाचावे का, असा प्रश्न तेथे येईल. ती चोवीस मुलांचे मरण वाचून बसली आहे, हे आम्ही सांगू. त्यावर गोंधळ होईल, आणि चहा येईपर्यंत चालेल. नव्या पुस्तकांची दाखल-नोंद करण्याचे काम गेली चार वर्षे आमच्याकडेच आहे, अक्षर बरे आहे म्हणून. कन्येला आम्ही त्या दिवशी बरोबर नेणार आहोत. नोंद तिनेच करावी असे ठरवले होते, पण तिची मराठी मात्रांत चुकते; म्हणून ती सांगेल आणि आम्ही लिहू.